पाटीभर सोनटक्का

माझी आई वेंगुर्ल्यात दारोदार मासे विकते, आणि आमच्या घरात विकतचं फूल आलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही. तरीही आमच्या पडवीत पाय ठेवलेला माणूस पहिल्यांदा बोलतो ते फुलांबद्दलच. जेट्टीपासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीपुढे शेणाने सारवलेलं खळं, एवढंच आमचं घर. त्यात बघण्यासारखं दुसरं काही नाही, हेही खरं.

तिची पद्धत सांगते. सकाळी जेट्टीवर मासळीचा लिलाव झाला की ती पाटी भरते आणि आपली ठरलेली घरं घेते. ही घरं वर्षानुवर्षं तिची बांधलेली आहेत. प्रत्येकाला कंपाउंड, आणि प्रत्येक कंपाउंडात काही ना काही फुललेलं. मासे निवडून झाले की पाटी परत डोक्यावर घ्यायच्या आधी ती विचारते, "बायो, तुमची अबोली वायच काढू?" नाही कोण म्हणणार? ही दोन पेडवे जास्त टाकते आणि फुलं तोडून घेते. अकराच्या सुमाराला घरी येते तेव्हा डोक्यावर रिकामी पाटी आणि हातात केळीच्या पानाची ओली पुडी. मासे आणि फुलं एका पाटीत घालत नाही. फुलांना माशाचा वास लागेल म्हणून का, असं मी लहानपणी विचारलं होतं. "फुलांचा सोड गो, माशांक लागता. चाफ्याच्या वासाचो बांगडो कोण घेतलो?" म्हणाली.

घरी आली की आधी आंघोळ. मग लिंबाची फोड घेऊन कोपरापर्यंत हात चोळायचे, आणि मगच पुडी सोडायची. त्या अर्ध्या तासात तिच्याशी कोणी बोलायचं नाही. भांडी म्हणाल तर नारळाच्या करवंट्या, लोणच्याची रिकामी बरणी, चेपलेलं तांब्याचं तपेलं, आणि माझ्या भावाने बोटीच्या इंजिनातून काढलेला एक पितळी पाइप. भाऊ बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. हा पाइप त्याने भंगारात टाकला होता. आईने तो चिंचेने घासला, सपाट दगडावर उभा केला, त्यात तगरीची एकच फांदी ठेवली आणि म्हणाली, "आता सोबता." मी लग्नानंतर कुडाळला राहते, तिथल्या एका ऑफिसात काम करते, आमच्या साहेबांच्या टेबलावर रोज बुके येतो. पण त्या पाइपातल्या फांदीकडे जसं बघत राहावंसं वाटतं तसं त्या बुकेकडे मला एकदाही वाटलं नाही.

तिला कोणी शिकवलेलं नाही. तिचे नियम तिनेच केलेले. फुलाला गर्दी आवडत नाही. एका भांड्यात तीन रंग घातले की बाजार होतो. देठ तिरका कापायचा, आणि पाण्यात धरून कापायचा. लाल फूल सावलीत ठेवायचं, पांढरं दाराच्या उजेडात. आणि सगळ्यात मोठा नियम वेळेचा. कुठलं फूल किती वाजता जागं होतं आणि किती वाजता मान टाकतं, हे तिला घड्याळासारखं पाठ. प्राजक्त सकाळचा, दुपारी त्याच्याकडे बघवत नाही. जास्वंद ऊन कललं की मिटते. गुलबक्षी चार वाजता डोळे उघडते. सोनटक्का दिवस बुडताना उमलतो, आणि उमलला की सगळ्या वाडीला कळवतो. म्हणून आई आधी विचारते, "कोण येतला?" असं नाही, तर "किती वाजता येतला?"

आता त्या सोमवारचं सांगते.

भावाने स्वतःचं लग्न स्वतः जमवलं होतं. मुलगी इन्सुलीची, शेतकऱ्याघरची, सावंतवाडीला एका दुकानात कामाला. गोड पोरगी, मला बघताक्षणी आवडली. तिच्या घरी भात, काजू, आंबे, गोठ्यात दोन म्हशी. आमच्या घरी दर्या. तिच्या वडिलांनी बरेच दिवस काहीच उत्तर दिलं नाही आणि मग एका संध्याकाळी फोन केला. भावाचे हात ग्रीसने भरलेले, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला. आई तिथेच विळीवर बांगडे कापत बसलेली.

ते म्हणाले, "दर्याकडे चेडू देवक माझी ना नाय. पण दोन गोष्टी आसत. एक, मी घर बघूक येतलंय. आणि दुसरी, माझ्या चेडवाच्या डोक्यार माशांची पाटी येता कामा नये."

भाऊ लालबुंद झाला. आईने बांगड्याचं डोकं बाजूला केलं आणि म्हणाली, "आपल्या चेडवाची काळजी बापाशीक आसतलीच. येवंदे. बघूंदे."

मला मात्र संताप आला. खरं सांगते, त्या माणसावर नाही आला. पाटीवर आला. या पाटीपायी माझ्या भावाचं लग्न मोडणार, असं मनात आलं. तसं मनात येणं वाईट, हे मला तेव्हाही कळत होतं, पण आलं ते आलं.

दिवस आम्ही फार विचार करून ठरवला. सोमवार. सोमवारी आमच्याकडे मासे कोणी खात नाही, म्हणजे आईला सुट्टी आणि घरात तळणाचा वास नाही. पंचांग काढून भरती-ओहोटी बघितली. सकाळी दहाला पूर्ण भरती, म्हणजे ओहोटीला जेट्टीखालचा चिखल उघडा पडून जो काही वास सुटतो तोही नाही. दहा वाजता या, असं कळवलं. एवढं सगळं बघितलं, पण दसरा होऊन गेलाय, इन्सुलीला शेतं कापायला आली आहेत, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. दर्यावरच्या माणसाला भात दिसतो तो ताटात. तेही बिचारे अडचण सांगायला संकोचले असतील, बरं म्हणाले.

मी रविवारीच कुडाळहून आले, आणि हात हलवत आले नाही. प्लास्टिकच्या फुलांचं तोरण, सेलोफेनात गुंडाळलेली जरबेराची फुलं आणि रूम फ्रेशनरचा डबा. आईने एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली.

"ह्यां काय?"

"वास जातो त्याने."

"खंय जाता?"

"आई, उगाच वाद घालू नको."

"मी खंय वाद घालतंय? विचारतंय." तिने तोरण उचलून मला परत दिलं. "ह्यां न्हाणयेच्या नळाक बांध. पाण्यान खराब होवचां नाय." जरबेरा मात्र तिने फेकली नाहीत. ती जिवंत होती ना. त्यांच्या देठांना गुंडाळलेली तार सोडवली, देठ कापले, आणि म्हणाली, "बिचाऱ्यांका पाणीच दिल्यानी नाय कोणी." त्यांना म्हणाली तशी मलाही म्हणाली असती तर बरं झालं असतं, इतक्या मायेने.

सोमवारी पहाटे ती प्राजक्त वेचायला गेली तेवढ्यात मी पाटी उचलली. मागच्या बाजूला शेजाऱ्यांची जाळी ठेवायची खोप आहे. तिथे नेऊन, जाळ्यांच्या ढिगाखाली सारून आले. पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर ती यायला नको, एवढंच माझ्या मनात होतं. कोणाला सांगितलं नाही.

आई परत आली आणि कामाला लागली. पितळेच्या परातीत पाणी, त्यावर प्राजक्त, तोही देठ वर करून, त्यामुळे परातभर केशरी ठिपके तरंगत होते. खिडकीच्या प्रत्येक गजापाशी एकच जास्वंद. तांब्याच्या तपेल्यात कृष्णकमळाचा वेल, अर्धा आत, अर्धा जमिनीवर सोडलेला. साडेनऊला ती मागे सरून उभी राहिली, डोळे बारीक केले, एक जास्वंद बोटभर सरकवली आणि म्हणाली, "धा वाजता येतले ना? मगे ह्यां बराबर." पडवी अशी दिसत होती की मी फ्रेशनरचा डबा विसरूनच गेले.

दहा वाजून गेले. सव्वादहाला फोन. मुलीचे वडीलच बोलत होते. आभाळ आलंय, भात कापून शेतात पडलंय, ते उचलल्याशिवाय निघता येणार नाही, संध्याकाळ होईल.

माझं डोकंच फिरलं. "नको असेल तर तसं सांगा म्हणावं ना! भाताचं निमित्त कशाला? आम्ही काय इथे ताटकळत बसायचं यांच्यासाठी?" मी अजून बरंच काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाऊ खळ्यात जाऊन नुसता उभा राहिला. आई दारात आली आणि तिने हात कपाळावर धरून पूर्वेकडे बघितलं. घाटाकडे ढग काळे झाले होते.

"आभाळ इलांच आसा," ती म्हणाली. "भिजलेला भात आणि नासलेली मासळी, दोन्ही सारखीच गो. मी असतंय तर मीय पयली मासळीच उचललंय असती. येतले ते."

बारा वाजता परातीतला प्राजक्त तपकिरी पडायला लागला. दोन वाजेपर्यंत कृष्णकमळाने तोंड मिटलं. आईने एक उसासासुद्धा टाकला नाही. परात उचलली आणि तुळशीच्या बुंध्याशी रिकामी केली, जास्वंदी काढल्या, वेल गुंडाळला. मी म्हटलं, "असू दे ना, अजून बरी आहेत."

"सांजच्या पावण्यांका सकाळची फुलां? म्हणजे कालचो भात वाढल्यासारखां." आणि पदर खोचून तिने विचारलं, "माझी पाटी खंय आसा?"

मी म्हटलं, "पिशवी घेऊन जा की."

"पिशयेत सोनटक्को मोडता. आणि पाटयेशिवाय माका दारात कोण वळाखतला? खंय आसा पाटी?"

काय सांगणार? सांगितलं. खोपीत. जाळ्यांखाली. का, ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. माझी आई रागावली की वाडीला ऐकू जातं, आणि तोंड चालू असलं की आम्ही निर्धास्त असतो. ती त्या वेळी एक शब्दही बोलली नाही. ती खोपीत गेली, जाळी बाजूला केली, पाटी बाहेर काढली. विहिरीवर राख आणि काथ्या घेऊन घासली. रोज घासते तशीच, कमी नाही, जास्त नाही. उलटी करून पाणी निथळू दिलं. आत केळीची पानं घातली.

"मी येऊ?" मी विचारलं.

"ये."

शाळेत असताना मी शेवटची तिच्याबरोबर फिरले होते. त्यानंतर नाही. दुपारच्या उन्हात ती पुढे, मी मागे. पहिल्या घरी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई दारात आल्या आणि दचकल्या, "अगं, आज सोमवार ना? मासे कसले?" "मासे नायत बाई. आज मागूक इलंय," आई म्हणाली. "झिलासाठी पावणे येतत, इन्सुलीसून. सांजचे येतले. सोनटक्क्याचे कळे व्हये." त्या बाईंनी चपला घातल्या आणि आमच्याबरोबर परसात आल्या. नारळांना पाणी जातं त्या चरात सोनटक्का माजला होता. आई घोटाभर पाण्यात उतरली आणि एकेक कळी दोन बोटांत धरून बघू लागली. "हो उद्याचो. हो उद्याचो. हो आजचो." आजच्या कळीचं टोक जरा सैल असतं, म्हणे. मी दहा कळ्या चाचपल्या, मला काही कळलं नाही.

दुसऱ्या घरी गुलबक्षी. तिसऱ्या घरचे आजोबा स्वतः काठी घेऊन अबोलीच्या ताटव्यात उतरले आणि म्हणाले, "तुमच्या झिलाचां लग्न म्हणजे आमच्या घरचांच." चौथ्या घरची सून माझा हात धरून मला आत घेऊन गेली. तिच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला, करवंटीत दोन तेरड्याच्या फांद्या. "तुमच्या आईंनी काल लावून दिल्या. आठवड्यातून दोनदा लावतात. मी करून बघते, मला जमत नाही." मला हे काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं की लोक आईची कीव करत असतील, पाटी उतरवायला हात लावत असतील ते दयेने. आणि इथे घरोघरी तिची वाट बघत होते. मी कुठल्या दुनियेत राहत होते, कोण जाणे.

परत येताना रस्त्याच्या कडेला तिने कुर्डूची तुरेवाली झाडं उपटली, गुलाबी-पांढरी, आपोआप उगवलेली. चारला आम्ही घरी.

कुर्डू लोणच्याच्या बरणीत गेली. गुलबक्षी करवंट्यांत, खिडकीच्या कट्ट्यावर. त्यातल्या काही फांद्यांनी माना टाकल्या, त्या तिने निमूट काढून टाकल्या. अबोली केळीच्या सोपाच्या दोऱ्यात ओवून दारावर. आणि सोनटक्का पाटीत. पानांच्या आड पाण्याची तीन भांडी दडवली, त्यांत कळ्यांचे दांडे उभे केले, आणि पाटी उचलून पडवीच्या मधोमध ठेवली. येणाऱ्याने पायरी चढली की पहिली तीच दिसावी अशी.

माझा धीर सुटला. "आई, पाया पडते तुझ्या, पाटी आत ठेव. आज तरी. त्यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलंय. त्याचं लग्न मोडलं तर?"

"पाटयेबद्दल बोललो ना तो? मगे बघूंदे तेका, पाटी कशी आसता ती."

"आणि मोडलं तर?"

ती थांबली. भाऊ दाराशीच उभा होता. त्याच्याकडे बघून म्हणाली, "बोल रे. काढू?"

भावाचं त्या पोरीवर किती मन होतं ते मला माहीत आहे. तो पाटीकडे बघून म्हणाला, "रवंदे." त्या क्षणी मला माझ्या धाकट्या भावाचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदम.

साडेपाचला वारा फिरला आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या जेट्टीखालच्या चिखलाचा वास चालत आल्यासारखा खळ्यात आला. शिरा पडो त्या वासार, म्हणत मी फ्रेशनरचा डबा उचलला. भावाने तो माझ्या हातातून काढून घेतला. तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला.

मुलीचे वडील आणि आई. मी त्यांची कल्पना केली होती ती इस्त्रीच्या शर्टातल्या, नाक वर करून बघणाऱ्या माणसाची. खळ्यात उतरला तो उन्हाने करपलेला, खांद्यावर भाताचं कुसळ चिकटलेलं, पोटऱ्यांना सुकलेला चिखल, असा माणूस. पायरी चढेना. खालीच उभा राहून म्हणाला, "पाय धुवूक पाणी गावतलां काय?" भावाने बालदी दिली. ते पाय धूतच राहिले, नखंसुद्धा घासली. मग अवघडून म्हणाले, "आंघोळ करूक गावली नाय ओ. भात उचललो, झाकलो आणि तसेच निघालंव. अंगाक वास येयत, वायच लांबच बसतंय."

मी आ वासून बघत राहिले. आई मोठ्याने हसली. "बसा ओ बसा! ह्या घरात वासाचां कोणी बोलूचां नाय."

ते चढून आले. पण शेतकऱ्याच्या नजरेला पाटीच्या आधी दिसली ती कुर्डू. "आगे बाय! ह्यां सकाळपासून उपटून बांधार टाकतंव आम्ही! आणि हंयसर बरणयेत!" त्यांची बायको खळखळून हसली आणि बरणीपाशी जाऊन बसली. मग ते वळले आणि पाटीसमोर आले. दिवस बुडायला आला होता. सोनटक्का अर्धाअधिक उमलला होता, उरलेल्या कळ्या आमच्या डोळ्यांदेखत सैल होत होत्या. ते वाकले. पानांच्या खालची बांबूची वीण त्यांना दिसली, काठाला वर्षानुवर्षं हात लागून आलेला गुळगुळीतपणा दिसला, आणि ते तसेच वाकलेले राहिले.

"ही..."

"व्हय," आई म्हणाली. "माशांची पाटी. माझी."

भावाने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं.

ते खाली बसले. जमिनीकडे बघत म्हणाले, "मी फोनार बोललंय, तां तुमका लागलां आसतला."

"लागलां," आई म्हणाली. "खोटां कित्याक बोलू? लागलां. पण तुमी बोललात तां चुकीचां नाय. मान दुखता, गुडघे भरतत. माझ्या चेडवाच्या डोक्यार मीय दिलंय नाय, मगे तुमच्या चेडवाच्या कित्याक देतलंय? पण ही पाटी नसती तर ह्यां घर उभां रवलां नसतां. ती दारातच आसतली. लपवूची नाय. तेवढां फक्त तिका सांगा."

त्यांच्या बायकोने विषय बदलावा म्हणून असेल, माझ्याकडे बघून कौतुकाने विचारलं, "फुलां चेडवान लावल्यान काय? कुडाळाक ऑफिसात आसतत ना त्या?"

आणि आईने, एका क्षणाचाही विचार न करता, उत्तर दिलं, "व्हय तर. दोघींनी मिळान लावलंव."

दिवसभर तिने मला एक शब्द सुनावला नव्हता. वर हे. मला ते सहन झालं नाही. ऑफिसची मराठी कुठल्या कुठे गेली. मी म्हटलं, "नाय ओ. सगळां आयेन केल्यान. मी फक्त पाटी लपवलंय. खोपीत, जाळ्यांखाली. तुमका दिसा नये म्हणान."

भावाने डोळे मिटून घेतले. आईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, मीच मोडलं लग्न.

मुलीची आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मगे माझांय ऐका. येताना बाजारात मी ह्यांका म्हटलंय, नवो शर्ट घेवया, असे मळके कसे जातास सोयऱ्यांकडे! किती सांगितलंय, ऐकल्यानी नाय."

"खोटो दिसलो असतंय," ते म्हणाले. मग आईकडे वळले. "चेडू सांगी होतां, झिलाच्या आवशीक एकदा भेटा म्हणान. बरोबर सांगी होतां. तुळशीच्या लग्नानंतर दिवस बघूया. पण आता दिवस बघताना माका विचारा ओ. कापणी चुकवून बघूया."

"आणि तुमी माका. भरती बघून," आई म्हणाली.

चहा झाला. नारळाची कापं झाली. निघताना आईने दारावरची अबोली सोडवून मुलीच्या आईच्या केसांत माळली, आणि मागून तिची पाठ थोपटली. भाऊ त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला. त्याच्या चालण्यातच त्याचं सुख दिसत होतं.

पडवीत आम्ही दोघीच राहिलो. आई पाटीपाशी बसून देठ सारखे करत होती. मी तिच्या शेजारी बसले. "आये, चुकलां माझां," मी म्हटलं.

"चुकलां," ती म्हणाली. "पण बोललंस. बरां केलंस."

मला वाटलं, संपलं. ती एक कळी फिरवून उजेडाकडे करत राहिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या लग्नात मी मागल्या खुर्चेर बसलंय ना, ती पाय दुखतत म्हणान नाय गो."

माझं लग्न कुडाळच्या हॉलमध्ये झालं. तो सगळा हॉल आईने सजवला होता, पहाटेच्या गाडीने फुलांच्या चार पाट्या आणून, कोणी यायच्या आत. स्टेजपासून दारापर्यंत तगर आणि अबोली, एक फूल विकतचं नाही. माझ्या सासूबाईंनी आल्या आल्या विचारलं, किती सुंदर, कोणी केलं हे? आणि मी म्हटलं होतं, डेकोरेशनवाल्याला सांगितलं होतं.

मी ते म्हटलं तेव्हा आई माझ्या मागेच उभी होती.